टोळधाडीनंतर शिवारात आधी कोण परततो?

25 मे 2020 रोजी जयपूर शहराच्या निवासी वस्त्यांवर वाळवंटी टोळांचे थवे उतरले. देशात टाळेबंदीचा चौथा टप्पा चालू होता. घरांत अडकलेली माणसे गच्च्यांवर आली, कोणी थाळ्या वाजवल्या, कोणी मोबाइलवर चित्रण केले. राजस्थानातील जुन्या मंडळींना 1993 सालच्या टोळधाडीची आठवण झाली. हे थवे अपरिपक्व, गुलाबी रंगाच्या टोळांचे होते. अशा टोळांना अंडी घालण्यापूर्वी भरपूर खाद्य लागते आणि मे अखेरीस राजस्थानातील बहुतेक शेते नांगरलेली किंवा पडीक असतात. हिरवे दिसले ते शहरातील रस्त्यांकडेला, बागांत आणि घरांच्या आवारांत. टोळ तिकडे वळले.

या धाडीचे मूळ दोन वर्षे आधीच्या पावसात होते. मे 2018 मध्ये ‘मेकुनू’ आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ‘लुबान’ या चक्रीवादळांनी अरबस्तानातील ‘रुब अल खाली’ या निर्मनुष्य वाळवंटात पाऊस पाडला. ओल टिकली, वनस्पती उगवली आणि कोणाच्या नजरेस न पडता टोळांच्या पिढ्या एकामागून एक वाढल्या. मे 2019 मध्ये ते पाकिस्तानमार्गे जैसलमेरला आले. पुढील वर्षी जयपूर ओलांडून ते मध्य प्रदेशात शिरले आणि मे महिना संपण्यापूर्वी अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरुड पट्ट्यात व पुढे वर्धा, नागपूर जिल्ह्यांत येऊन पोहोचले. विदर्भातील संत्रा बागायतदारांनी त्या रात्री ट्रॅक्टरचे फवारे आणि अग्निशमन दलाचे बंब घेऊन जागून काढल्या.

नियंत्रणाचे काम मोठे होते आणि ते वेगाने झाले. टोळ संध्याकाळी झाडांवर विसावतात आणि सकाळी ऊन चढल्यावर उडतात. त्यामुळे फवारणीची वेळ मावळतीनंतर ते सूर्योदयानंतरच्या पहिल्या काही तासांपर्यंतच मिळते. जयपूर जिल्ह्यातील चौमूजवळ सामोद परिसरात त्यासाठी ड्रोनही वापरले गेले. संपूर्ण हंगामात टोळ नियंत्रण यंत्रणा आणि राज्य सरकारे यांनी मिळून निरनिराळ्या राज्यांत पाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर उपचार केले. मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्यांतील परिचित नावे. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटींपर्यंत टोळ असतात आणि तो थवा एका दिवसात सुमारे 35 हजार माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो, ही अन्न व कृषी संघटनेची आकडेवारी लक्षात घेतली तर फवारणी करू नये असे म्हणण्यास जागा राहत नाही.

मात्र मोजदाद येथेच थांबते. किती हेक्टर, किती लिटर, किती टोळ मेले, एवढ्या नोंदी होतात. त्याच झाडावर, त्याच बांधावर, त्याच मातीत असलेल्या कोळी, ढालकिडे, गांधीलमाश्या, परभक्षी भुंगेरे, मुंग्या, मधमाश्या यांचे काय झाले आणि ते परत आले काय, हा प्रश्न अवघड असल्यामुळे मागे पडतो. त्याचे उत्तर एका भेटीत मिळत नाही. ते काळाच्या ओघात उलगडते, आणि ते वाचण्यासाठी सांख्यिकीची एक विशिष्ट रीत लागते. ही रीत समजली तर तिचा उपयोग टोळधाडीपुरता राहत नाही. कपाशीवरील प्रत्येक फवारणी, उसातील हुमणीवरील प्रत्येक आळवणी, एखादा प्रदीर्घ खंड किंवा पूर, या सर्वांना जीवसमूहाने दिलेला प्रतिसाद त्याच रीतीने मोजता येतो.

प्रथम जयपूरचेच उदाहरण घेऊ, कारण तेथील ऋतुचक्र ही मोजणी कशी फसवते हे स्वच्छ दाखवते. जयपूरला वर्षभरात सरासरी 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जुलै ते सप्टेंबर या काळात. मे अखेर हा वर्षातील सर्वांत कोरडा, तप्त काळ असतो. जमिनीवर वावरणारे कीटक खोल गेलेले किंवा सुप्तावस्थेत, झाडांवर मोजकीच हालचाल. जूनअखेरीस अथवा जुलैच्या आरंभी पहिला दमदार पाऊस पडतो आणि चार दिवसांत शिवार कीटकांनी भरून जाते. आता मे अखेरीस फवारणी झालेल्या शेतात कोणी फवारणीपूर्वी आणि सहा आठवड्यांनी मोजणी केली, तर काय दिसेल?

समजा, दहा खड्डा सापळ्यांत फवारणीपूर्वी एका रात्रीत 20 परभक्षी सापडले (कोळी व जमिनीवर फिरणारे भुंगेरे धरून) आणि सहा आठवड्यांनी 30. नोंदवहीत शेरा पडेल की मित्रकीटक दीडपट झाले, फवारणी निरुपद्रवी ठरली. पण दोन किलोमीटरवरील, फवारणी न झालेल्या तशाच शेतात त्याच रात्री आकडा 20 वरून 60 वर गेला असेल तर? पावसाने जे तिप्पट व्हायला हवे होते ते दीडपटच झाले. म्हणजे फवारलेल्या शेतात असायला हवेत त्याच्या निम्मेच परभक्षी आहेत. येथील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत, परंतु चुकीचा प्रकार रोजचा आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करताना मधल्या काळात ऋतू बदलला हे विसरले जाते. उलट, पाऊस ओसरताना मोजणी केली तर सर्वत्रच कीटक कमी होतात आणि निर्दोष औषधावर दोष येतो.

केवळ ‘फवारलेले’ आणि ‘न फवारलेले’ अशी एकदाच तुलना करणेही पुरेसे नाही. दोन शेते मुळातच वेगळी असू शकतात. एकाच्या बांधावर खेजडीची झाडे असतील, दुसऱ्याला बांधच नसेल. वरील उदाहरणात न फवारलेल्या शेतात आधीच 20 ऐवजी 25 परभक्षी असते, तर 60 शी थेट तुलना अन्यायाची ठरली असती. त्या शेतातील वाढ 25 वरून 60, म्हणजे 2.4 पट. त्या पटीने फवारलेल्या शेतात 20 चे 48 व्हायला हवे होते, झाले 30. म्हणजे अपेक्षेच्या सुमारे 63 टक्के. चार आकडे हाती असल्याखेरीज हे उत्तर निघत नाही: उपचारित शेत आधी व नंतर, आणि अनुपचारित शेत आधी व नंतर. यांपैकी एकही गहाळ असला तर उरलेल्या तिन्हींवरून काढलेला निष्कर्ष हा अंदाजच राहतो.

टोळधाडीत यांतील ‘आधी’चा आकडा मिळणे सर्वांत कठीण. थवा दिवसाला 150 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, तो कोठे मुक्काम करील हे संध्याकाळीच कळते आणि त्या वेळी सापळे लावण्याची सवड कोणालाच नसते. म्हणून ज्या जिल्ह्यांत नियमित कीड सर्वेक्षण चालते तेथील नोंदींचे मोल अशा वेळी एकदम वाढते. महाराष्ट्रात क्रॉपसॅप प्रकल्पांतर्गत निश्चित व फिरत्या प्लॉटवरील निरीक्षणे वर्षानुवर्षे होत आली आहेत. त्यांचा मुख्य भर किडींची आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली जाते काय यावर असणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच फेरीत, त्याच झाडांवर मित्रकीटकांच्या दोन-तीन गटांची संख्या टिपली गेली, तर अचानक आलेल्या आपत्तीसाठी ‘आधी’चा आकडा आपोआप तयार राहतो.

आतापर्यंत ‘परभक्षी’ असा एकच आकडा धरला. प्रत्यक्षात शिवारात शेकडो जाती असतात आणि त्या सर्व एकाच दिशेने जात नाहीत. काही नाहीशा होतात, काहींना फरक पडत नाही आणि काही चक्क वाढतात, कारण त्यांना खाणारे कमी झालेले असतात. एकूण कीटकसंख्या मोजली तर घट आणि वाढ एकमेकांना खाऊन टाकतात. शंभर कीटक आधी होते, शंभर नंतर आहेत. पण आधी त्यात 30 कोळी होते आणि आता 80 तुडतुडे आहेत. हिशेबाच्या वहीत काहीच घडले नाही, शिवारात मात्र सगळे उलटले.

या अडचणीवर 1999 साली पॉल व्हान डेन ब्रिंक आणि कायो टेर ब्राक या डच शास्त्रज्ञांनी एक उपयुक्त मार्ग मांडला. मराठीत त्याला ‘मुख्य प्रतिसाद वक्र’ म्हणता येईल. कल्पना साधी आहे. न फवारलेल्या भूखंडांतील जीवसमूहाला प्रत्येक तारखेला शून्य मानायचे. त्यामुळे ऋतूने घडवलेला चढउतार आपोआप वजा होतो आणि आलेखावर अनुपचारित भूखंडाची रेषा आडवी, सरळ राहते. फवारलेला भूखंड त्या रेषेपासून कोणत्या तारखेला किती दूर गेला आणि केव्हा परत जवळ आला, एवढेच वक्र दाखवतो. शेजारी प्रत्येक जातीला एक भार दिलेला असतो. ज्यांचा भार मोठा त्या जाती वक्राबरोबर सर्वाधिक हलल्या. शून्याजवळच्या जाती अलिप्त राहिल्या किंवा त्यांनी वेगळीच वाट धरली. उलट चिन्हाच्या जाती विरुद्ध दिशेने गेल्या. शंभर-दीडशे स्तंभांची तक्ते वाचण्याऐवजी कार्यकर्त्याला एक आलेख आणि एक यादी पाहावी लागते.

ज्या प्रयोगावर ही पद्धत दाखवली गेली तो आपल्या वाचकांच्या परिचयाच्या औषधाचा आहे. नेदरलँड्समध्ये 12 प्रायोगिक चर घेतले होते. चारांत काहीच टाकले नाही. उरलेल्या आठांत क्लोरपायरिफॉसच्या चार मात्रा, प्रत्येकी दोन चरांत, एकदाच दिल्या: लिटरला 0.1, 0.9, 6 आणि 44 मायक्रोग्रॅम. मात्रा देण्यापूर्वी चार आठवड्यांपासून ते नंतर 24 आठवड्यांपर्यंत अकरा वेळा नमुने घेतले आणि पाण्यातील 178 प्रकारचे अपृष्ठवंशी जीव मोजले. सर्वांत कमी मात्रेची रेषा शून्याला जवळजवळ चिकटून राहिली. मोठ्या मात्रांच्या रेषा पहिल्याच आठवड्यात खोल घसरल्या, महिनोन्‌महिने खाली राहिल्या आणि 24 व्या आठवड्याकडे येताना शून्याजवळ परतू लागल्या. हीच आकडेवारी ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीतील ‘व्हेगन’ संचात सरावासाठी उपलब्ध आहे. कृषी विज्ञान केंद्रातील कोणत्याही विषयतज्ज्ञास ती एका दुपारी उलगडून पाहता येईल. थंड प्रदेशातील चर आणि राजस्थानची वाळू यांत औषध विघटित होण्याचा वेग, कीटकांची पिढी पूर्ण होण्याचा काळ हे सर्व वेगळे असते. तेथील आठवडे येथे उचलून लावता येणार नाहीत. उचलण्यासारखी आहे ती मांडणी.

वक्र शून्याजवळ आला म्हणजे सर्व आलबेल, असेही समजू नये. वक्र हा समूहाचा असतो. एखादी जात कायमची गेलेली असूनही बाकीच्या परतल्यामुळे रेषा वर येऊ शकते. इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात शेते अर्धी-अर्धी विभागून एका भागात नेहमीची कीटकनाशके आणि दुसऱ्यात कमी निविष्ठांचा कार्यक्रम असा अनेक वर्षांचा अभ्यास झाला. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे नेहमी वापरलेल्या एका अर्ध्या शेतात कोलेंबोला, म्हणजे मातीवर उड्या मारणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या काही जाती नाहीशा झाल्या आणि फवारणी थांबल्यावरही दीर्घकाळ परतल्या नाहीत. त्यांना पंख नसतात. शेजारच्या शेतातून चालत येण्याखेरीज त्यांना दुसरा मार्ग नाही.

कोण आधी परततो, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळू लागते. परतण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो. पिढी किती लवकर पूर्ण होते, जीव उडत येऊ शकतो की चालत, आणि आल्यावर त्याला खायला काय मिळते. मावा या तिन्हींत पहिला येतो. उबदार हवेत त्याची पिढी आठवडा-दीड आठवड्यात होते, मादी नराविना पिले देते, पंखी मावा वाऱ्याबरोबर येतो आणि पीक तर समोर उभेच असते. ढालकिड्याला अंडी ते प्रौढ होण्यास तीन-चार आठवडे लागतात. शिवाय तो मावा वाढल्याखेरीज येऊन थांबतच नाही. जमिनीवर फिरणाऱ्या लांडगा कोळ्याची वर्षात एखाद-दुसरीच पिढी होते. पिले रेशमी धाग्यावर तरंगत दूर जातात खरी, पण प्रौढ मादी अंड्यांची पिशवी घेऊन पायीच फिरते. मुंग्यांची गोष्ट आणखी निराळी. बाहेर फिरणाऱ्या कामकरी मेल्या तरी वारुळात खोलवर राणी सुरक्षित असते, म्हणून मुंग्या अनेकदा अनपेक्षितपणे लवकर सावरतात. म्हणजे कीड आणि तिचा शत्रू एकाच रात्री, एकाच प्रमाणात मेले तरी दोघे एकाच दिवशी परतत नाहीत. या दोन दिवसांमधले अंतर हेच किडीच्या पुनरुद्रेकाचे मूळ आहे.

हे गणिताने शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते. इटालियन गणिती व्हितो व्होल्तेरा यांना त्यांच्या जावयाने, प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दान्कोना यांनी, एक कोडे घातले होते: पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शिकारी माशांचे प्रमाण वाढले, ते का? 1926 साली व्होल्तेरांनी समीकरणे मांडून दाखवले की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारखे मारत राहिले, तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. मासेमारीच्या जागी फवारणी आणि माशाच्या जागी मावा ठेवला की कीटकशास्त्राचा धडा तयार होतो. समीकरणे फारच सोपी आहेत, त्यांत ऋतू नाही, बांध नाही, शेजारचे शेत नाही. म्हणूनच मोजणी लागते.

महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्याने हा धडा प्रत्यक्ष अनुभवला आहे. 2002 सालच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. सुरुवातीची प्रतिक्रिया फवारणीची होती. परंतु कोनोबाथ्रा, म्हणजेच डिफा नावाची परभक्षी अळी आणि मायक्रोमस हा परभक्षी कीटक माव्यामागोमाग शेतात वाढताना दिसू लागले. पुढे फवारणी आवरून, कोनोबाथ्रा असलेली पाने कापून एका शिवारातून दुसऱ्या शिवारात नेण्याचे काम शेतकऱ्यांनी व कारखान्यांनी केले. ज्या शेतात शत्रूला पाय रोवण्यास काही आठवडे मिळाले तेथे तो टिकला. हे आठवडे सोसणे सोपे नव्हते. पांढरी पडलेली पाने रोज डोळ्यांपुढे असताना थांबण्याचा सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याची परीक्षाच होती.

आघात दोन प्रकारचे असतात हे येथे ध्यानात घ्यावे. टोळांवरील फवारणी हा एकदाच बसलेला झटका आहे. कपाशीवर पंधरवड्यागणिक होणाऱ्या फवारण्या हा सततचा दाब आहे. झटक्यानंतर वक्र खाली जातो व परत येऊ लागतो. दाबाखाली तो परत येण्याआधीच पुन्हा खाली ढकलला जातो, आणि कालांतराने खालची पातळी हीच त्या शिवाराची नेहमीची स्थिती बनते. त्यामुळे दोन फवारण्यांमधील अंतर ठरवताना केवळ औषधाचा अवशिष्ट परिणाम किती दिवस टिकतो हे पाहणे अपुरे आहे. त्या शिवारातील प्रमुख मित्रकीटकाची एक पिढी पूर्ण होण्यास किती दिवस लागतात, तेही पाहावे लागेल.

क्षेत्राचा आकारही तितकाच निर्णायक. एक एकर फवारले तर चारही बांधांवरून जीव आत येतात. सलग पाचशे हेक्टर फवारले तर मध्यभागी पायी पोहोचणाऱ्या भुंगेऱ्याला दोन हंगाम लागू शकतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात गवताळ कुरणांतील नाकतोड्यांसाठी जेफ्री लॉकवूड व स्कॉट शेल यांनी 1990 च्या दशकात एक पद्धत विकसित केली. त्यात कमी मात्रा वापरतात आणि एक पट्टा फवारून पुढचा मोकळा सोडतात. नाकतोडे हिंडत फवारलेल्या पट्ट्यात येऊन मरतात, मोकळ्या पट्ट्यात त्यांचे शत्रू वाचतात आणि खर्चही घटतो. उडत्या थव्यावर ही पद्धत चालत नाही, पण टोळांच्या पंख न फुटलेल्या पिलांच्या झुंडी चालत पुढे सरकतात आणि त्यांच्या बाबतीत पट्ट्यांचा विचार उपयोगी पडतो. मेटारायझियम ॲक्रिडम ही बुरशी तर टोळ-नाकतोडे गटापुरतीच घातक असते. मात्र तिचा परिणाम दिसण्यास एक ते तीन आठवडे लागतात. शहरावर उतरलेल्या थव्यापुढे तेवढी वाट पाहता येत नाही, निर्जन वाळवंटातील पिलांच्या बाबतीत पाहता येते.

जयपूर शहरातच, दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्थेत, आघाताचे क्षेत्र आक्रसून टाकण्याचा एक देशी नमुना आहे आणि महाराष्ट्रातील हुमणीग्रस्त भागांना तो जवळचा वाटेल. हुमणीवरील अखिल भारतीय संशोधनाचे समन्वयन या संस्थेतून होत आले आहे. जयपूर भागातील भुईमुगाचा मोठा शत्रू म्हणजे होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया ही हुमणीची जात. मोसमी पावसाची पहिली चांगली सर आली की तिचे भुंगेरे सांजवेळी जमिनीतून निघतात, खेजडी, कडुनिंब, बोर यांच्या पाल्यावर रात्र काढतात, तेथेच मिलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. वर्षातून एकच पिढी. जमिनीत औषध देणे म्हणजे संपूर्ण शेताच्या मृदाजीवनावर आघात. त्याऐवजी पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार रात्रींत यजमान झाडांवर भुंगेरे गाठणे, आणि तेही गावाने मिळून एकाच वेळी करणे, हा मार्ग तेथे रुळला. पुढे या जातीच्या मादीचा कामगंध ॲनिसोल, म्हणजेच मिथॉक्सीबेंझिन, असल्याचे 1996 च्या सुमारास स्पष्ट झाले. तो लावून भुंगेरे मोजक्या झाडांवर गोळा करता येतात आणि फवारणी तेवढ्याच झाडांवर करता येते. उरलेली झाडे, त्यांवरील कोळी, ढालकिडे व गांधीलमाश्या यांना धक्का लागत नाही.

महाराष्ट्रात उसात प्रामुख्याने होलोट्रिकिया सेराटा आणि कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठांवर ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या जाती आढळतात. जात वेगळी, म्हणून कॉन्सॅन्ग्विनियाचे आमिष येथेही तसेच काम करील असे गृहीत धरून खरेदी करू नये. वळवाच्या पावसानंतर कडुनिंब, बाभूळ, बोरीवरील भुंगेरे फांद्या हलवून पाडणे व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, प्रकाश सापळे लावणे, ही कामे सामुदायिकपणे झाली तरच फळ देतात. यांपैकी कोणत्याही उपायात मातीतील जीवसमूहाला हात लागत नाही, हा त्यांचा न सांगितला जाणारा फायदा आहे.

ज्या विस्तार कार्यकर्त्यांना किंवा शेतकरी गटांना आपल्या गावात अशी मोजणी करून पाहायची असेल, त्यांनी पहिल्या वर्षी एकच प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, तुरीवर किंवा कपाशीवर दुसऱ्या फवारणीनंतर मित्रकीटक केव्हा सावरतात. गावातील किमान चार शेतकरी निवडून प्रत्येकाच्या शेतात एक फवारलेला आणि एक न फवारलेला तुकडा ठेवावा. न फवारलेला तुकडा अगदी बांधालगत नसावा, अन्यथा बांधाचा आणि फवारणीचा परिणाम एकमेकांत मिसळतो. शिवाय वाऱ्याने औषध उडून तेथे पोहोचणार नाही एवढे अंतर राखावे. फवारणीपूर्वी दोनदा आणि नंतर तिसऱ्या दिवशी, पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात मोजणी करावी. मोजणी दोन्ही तुकड्यांत त्याच दिवशी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने करावी. जमिनीवरील परभक्षींसाठी प्लॅस्टिकचे पेले तोंड जमिनीच्या सपाटीला येईल असे पुरले की खड्डा सापळा होतो. त्यात थोडे साबणाचे पाणी पुरते आणि वर पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकणी टेकवावी. जातीपर्यंत ओळख पटत नसेल तर कोळी, ढालकिडे, क्रायसोपा, परभक्षी भुंगेरे, मुंग्या असे गट पुरे आहेत. ओळखीत चुकण्यापेक्षा गटावर थांबलेले बरे.

येथे एक चूक इतकी नेमाने होते की ती स्वतंत्रपणे सांगावी लागते. एका शेतात 50 पेले पुरले म्हणजे 50 पुरावे हाती आले, असे होत नाही. ते एकाच शेताचे 50 वेळा घेतलेले मोजमाप असते. चार शेतांत पाच-पाच पेले हे एका शेतातील पन्नासांपेक्षा अधिक सांगतात, कारण त्यावरून शेताशेतांतील फरक किती आणि फवारणीचा फरक किती हे वेगळे करता येते. अहवाल पाठवताना सरासरीबरोबर प्रत्येक शेताचा आकडाही द्यावा. चारांपैकी तिघांत घट आणि एकात वाढ दिसली, तर त्या एका शेतात काय निराळे होते हे विचारण्यातच बहुधा पुढच्या हंगामाचा प्रयोग दडलेला असतो: कडेला झेंडूची ओळ होती, की मक्याचा पट्टा, की बांधावरचे गवत जाळले नव्हते.

क्लोरपायरिफॉसचा विचार यापुढे वेगळ्या अंगानेही करावा लागणार आहे. युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याचा वापर बंद केला, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत 2025 साली काही सवलतींसह त्याचा समावेश झाला. त्याच्या जागी जे औषध येईल त्याच्या लेबलावर कोणत्या किडीवर किती मात्रा हे लिहिलेले असेल. आपल्या शिवारातील लांडगा कोळी त्यानंतर किती आठवड्यांनी परततो, हे मात्र त्यावर छापलेले नसते. ते पेले पुरून, न फवारलेला तुकडा राखून, आठव्या आठवड्यापर्यंत वही चालू ठेवणाऱ्यालाच कळते. विदर्भातील संत्रा बागांत ही मोजणी आंबिया बहाराच्या फळांवरील पुढच्या फवारणीपासून सुरू करता येईल. तेथे कोळशी आणि सिट्रस सायला या दोन्ही किडींवर परोपजीवी गांधीलमाश्या जगतात, आणि पानांच्या मागील बाजूस कोळशीच्या कोषांवर पडलेली गोल छिद्रे भिंगाखाली मोजणे एखाद्या तरुण मुलालाही दोन दिवसांत साधते.